मोटारीची बॅटरी रात्रीतून का उतरते?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत फरीदाबाद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि इतिहास यांच्या पंक्तीला मोटारीच्या बॅटरीचे पान मांडलेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु हे गाव यंत्रांचे आहे. एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर आणि राजदूत मोटारसायकली येथेच तयार झाल्या, आणि आपल्यातील कित्येक घरे कारखान्यांतील नोकरीनिमित्तच सह्याद्री सोडून यमुनेकाठी आली. तेव्हा यंत्राविषयीचे चार शब्द येथे अस्थानी ठरू नयेत. शिवाय हा विषय केवळ यंत्राचा नाही. आपले भाऊ-काका-मामा हजार-दीड हजार किलोमीटर दूर असतात. अपरात्री कुणास रुग्णालयात न्यावयाचे झाले, तर दाराशी उभी असलेली गाडी हाच पहिला आधार. ती गाडी नेमक्या त्या वेळी मुकी झाली, तर काय होते याचा अनुभव या सभागृहातही काहींना असेल.

गाडी सुरू झाली नाही की आपण बॅटरीस दोष देतो, दुकानात जातो आणि नवी बॅटरी घेऊन येतो. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार घडला की गाडीच जुनी झाली असे म्हणतो आणि विकावयास काढतो. आमचे म्हणणे एवढेच की, पुष्कळ वेळा बॅटरीही निर्दोष असते आणि गाडीही. दोष असतो तो एका लहानशा, न दिसणाऱ्या गळतीचा. आणि ती गळती तर्काने नव्हे, मोजमापाने सापडते.

प्रथम बॅटरीचे काम पाहू. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या घटाची कल्पना गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली. आजच्या मोटारीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांचा मिळून सुमारे १२ व्होल्टचा दाब तयार होतो. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला, आणि मोटार चालू करण्याचा भार मनुष्याच्या दंडावरून बॅटरीवर गेला. ज्येष्ठांना आठवत असेल, जुन्या अँबॅसडरला बॅटरी उतरली तरी हँडल मारता येत असे. आजच्या गाडीस हँडल नाही. धक्का मारावा म्हटले, तरी पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा संगणक यांना आधी वीज लागतेच. म्हणजे आपण बॅटरीवर पूर्वीपेक्षा अधिक अवलंबून आहोत.

बॅटरीचा व्यवहार घरखर्चाच्या वहीसारखा आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिच्यात वीज भरतो, ही जमा. ‘सेल्फ’ मारताना क्षणभर शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, हा मोठा परंतु अल्पकाळचा खर्च. आणि गाडी कुलूप लावून उभी असतानाही एक बारीक खर्च अखंड चालू असतो. आपला आजचा विषय तो हा तिसरा खर्च.

हा खर्च पूर्वी नव्हता म्हटले तरी चालेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी घ्या. तिच्यात किल्ली काढल्यावर जे काही चालू राही, ते बहुधा डोळ्यांना दिसे: राहून गेलेला दिवा, फार तर एखादे घड्याळ. पुढे राजधानी क्षेत्रातील हवेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आदेश दिले आणि १ एप्रिल २००० पासून येथे नोंदल्या जाणाऱ्या खाजगी मोटारींना यूरो-२ ही मानके लागू झाली. त्यायोगे कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजिनावर संगणक आला. त्याच्या पाठोपाठ किल्लीची ओळख पटविणारी यंत्रणा, विजेची कुलुपे आणि स्मरणशक्ती असलेला रेडिओ ही मंडळीही आली. गाडी निजली तरी ही मंडळी एक डोळा उघडा ठेवून असतात. त्यांचा एकत्रित खर्च निरोगी गाडीत साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा पन्नासावा ते विसावा भाग असतो. हा खर्च रास्त आहे. त्याहून कितीतरी अधिक प्रवाह जेव्हा गुपचूप वाहू लागतो, तेव्हा त्यास इंग्रजीत परोपजीवी गळती म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे बांडगूळ. झाड उभे दिसते, पाने हिरवी दिसतात आणि रस मात्र दुसराच कुणी पीत असतो.

थोडा हिशेब करू. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. गाडीचा रास्त खर्च ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाहून किंचित कमी वीज जाते. तीन आठवड्यांत सुमारे १५ अँपिअर-तास जातात. नवी बॅटरी हे सोसते. तीन-चार वर्षांची, मे महिन्याच्या उन्हात उभी असलेली बॅटरी सोसेलच असे नाही. कारण उष्णतेने बॅटरीची आपोआप होणारी झीजही वाढते. आता डिकीतील ५ वॅटचा एकच दिवा चालू राहिला असे समजा. तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. भरलेली बॅटरी त्याने साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि अर्धी तर दोन दिवसांच्या आतच. गाडी सुरू न होण्यास अर्धी रिकामी होणेही पुरते, विशेषतः जानेवारीच्या पहाटे. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातील तेल घट्ट होते. म्हणजे देणारा दुबळा आणि मागणारा हट्टी!

आपल्या या भागात ही अडचण अलीकडे वाढलेली दिसते, त्यास कारणे आहेत. ६ सप्टेंबर २०१५ रोजी मेट्रो फरीदाबादेत आली, २०१८ मध्ये बल्लभगडपर्यंत पोहोचली, आणि रोज दिल्लीस जाणाऱ्या कित्येक गाड्या घरी विसावल्या. हिवाळ्यात प्रदूषण फार चढले की जुन्या श्रेणीच्या गाड्यांवर काही काळ निर्बंध येतात. गणपतीस किंवा उन्हाळ्याच्या सुटीत आपण गावी जातो, तेव्हा गाडी दोन-तीन आठवडे एकाच जागी उभी राहते. गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरावे, सामानासह घरी यावे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडण्यासाठी किल्ली फिरवावी, तो नुसती ‘टक्‌’ असा आवाज! उभ्या गाडीत गळतीस वेळ मिळतो आणि भरतीस मिळत नाही.

आता एका प्रत्यक्ष गाडीचा वृत्तांत सांगतो. ती येथील एका मराठी कुटुंबाची २०१२ सालची लहान पेट्रोल गाडी. गृहस्थ रोज दिल्लीस ती चालवीत नेत. सकाळी एक तास, सायंकाळी एक तास. २०२३ मध्ये ते निवृत्त झाले आणि गाडी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच बाहेर निघू लागली. तेव्हापासून बॅटरी उतरू लागली. दीड वर्षात दोन नव्या बॅटऱ्या झाल्या; प्रत्येकी खर्च चार हजारांच्या घरात. अशातच धुक्यातील एका पहाटे घरातील आजींना श्वासाचा त्रास होऊ लागला. गाडी सुरू झाली नाही. शेजारच्या सरदारजींनी आपली गाडी काढली म्हणून आजी वेळेवर पोहोचल्या आणि सुखरूप परतल्या. परंतु घरच्यांचा गाडीवरील विश्वास उडाला. एका मिस्त्रीने गाडी विकण्याचा सल्ला दिला. खरेदीदारही ठरत आला होता. तेव्हा आम्ही म्हटले, एक रविवार द्या, आधी मोजून पाहू.

तपासणीस लागले काय? दहा अँपिअरपर्यंत प्रवाह मोजणारा एक मल्टिमीटर (दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात तो काही शे रुपयांत मिळतो), १० नंबरचा पाना, दोन चिमट्यांची एक वायर, चिकटपट्टी, वही आणि पेन्सिल. वही विसरू नये. आकडे लक्षात राहतात हा भ्रम आहे.

पहिला प्रश्न असा की, दोष बॅटरीचा, अल्टरनेटरचा की गळतीचा? रात्रभर चार्जरवर भरलेली बॅटरी गाडीपासून सोडवून काही तास ठेवली. दाब १२.६ व्होल्ट भरला आणि दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेवढाच राहिला. म्हणजे बॅटरी आपली वीज राखून होती. हा दाब १२.२ च्या आसपास आला तर बॅटरी अर्धी उतरली असे समजावे आणि १२ च्या खाली गेला तर जवळजवळ रिकामी. पुढे बॅटरी जोडून इंजिन सुरू केले; दाब १४.२ झाला. साधारण १३.८ ते १४.५ हा आकडा दिसला की अल्टरनेटर भरणा करतो आहे हे कळते. दोघेही निर्दोष ठरले. राहिली ती गळती.

मग इंजिन बंद करून किल्ली काढली. अशा वेळी किल्ली गाडीबाहेर आपल्या खिशात असावी आणि एक काच खाली असावी, नाहीतर विजेचे कुलूप आपल्यालाच बाहेर ठेवते. पुढचे दार उघडे ठेवून त्याच्या चौकटीतील बटण चिकटपट्टीने दाबून टाकले, म्हणजे आतला दिवा विझला आणि दार बंद आहे असे गाडीस वाटले. नंतर बॅटरीचे ऋण टोक आणि त्यावरील तारेची पकड यांमध्ये चिमट्यांची वायर लावली, मग पकड सोडविली, त्या दोहोंमध्येच मीटर जोडला आणि शेवटी वायर काढून घेतली. असे केल्याने वीज एक क्षणही तुटत नाही आणि झोपी जाऊ लागलेली यंत्रणा पुन्हा जागी होत नाही. आता गाडीचा प्रत्येक थेंब प्रवाह मीटरमधूनच जाणार होता. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवावयाची नाही की दिवे लावावयाचे नाहीत. सेल्फचा प्रवाह मीटरचा फ्यूज तत्काळ जाळतो.

पहिला आकडा आला १.९ अँपिअर. यावर घाबरून जाण्याचे कारण नसते. कुलूप लावल्यावरही यंत्रणेस झोपी जाण्यास वीस मिनिटे ते कधी तासभर लागतो. आम्ही बसून चहा घेतला. आकडा उतरत उतरत ०.४१ वर आला आणि तेथेच थांबला. रास्त खर्चाच्या दहापटींहून तो अधिक होता. दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास! साडेतीन दिवसांत बॅटरी रिकामी होण्याचे कोडे तेथेच उलगडले. चोर मात्र अद्याप सापडावयाचा होता.

यानंतरची रीत निराकरणाची. फ्यूजच्या पेटीतून एकेक फ्यूज काढावा, आकडा पाहावा, वहीत लिहावा आणि तो फ्यूज परत त्याच जागी लावावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम खाली येईल, त्याच्या वाटेवर गळती. नव्या गाडीत फ्यूज काढ-घाल केल्याने यंत्रणा जागी होते. तेथे फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांमधील मिलिव्होल्ट मोजतात. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह वाहत असेल तरच तेथे दाबाचा फरक दिसतो. शून्य दिसले तर ती वाट निजलेली आहे.

या गाडीत गंमत अशी झाली की, कोणत्याही फ्यूजने आकडा विशेष हलला नाही. रेडिओच्या फ्यूजने थोडा उतरला, इंजिनाच्या संगणकाच्या फ्यूजने थोडा. शेवटी सर्व फ्यूज एकदम काढून पाहिले, तरी ०.३८ उरलेच. अशा वेळी पुष्कळजण हात टेकतात. वस्तुतः येथेच तपास सर्वांत सोपा होतो. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह वाहतो, याचा अर्थ तो पेटीतून जातच नाही. तो बॅटरीवरून थेट निघणाऱ्या तारेने जातो. अशा तारा मोजक्या असतात. एक स्टार्टरची, एक अल्टरनेटरची आणि तिसरी, कारखान्याबाहेर कुणी नंतर जोडली असेल ती.

अल्टरनेटरमध्ये डायोड नावाचे एकदिशा दरवाजे असतात. त्यांतील एखादा निकामी झाला की भरणा करणारा स्वतःच रात्री बॅटरी पिऊ लागतो. म्हणून बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड तार काढली, तिचे टोक चिकटपट्टीने गुंडाळले आणि पुन्हा मोजले. आकडा तोच, म्हणजे अल्टरनेटर सुटला. मग बॅटरीच्या धन टोकाकडे नीट पाहिले, तर तेथे मूळच्या तारांशेजारी एक निराळी लाल तार होती. ती इंजिनामागच्या पत्र्यातील भोकातून आत, गालिच्याखालून चालकाशेजारच्या आसनाखाली जात होती. तेथे धुळीने माखलेला एक ॲम्प्लिफायर निघाला. हात लावला तो कोमट. सहा तास बंद असलेल्या गाडीत कोमट! त्या तारेवरील स्वतंत्र फ्यूज काढताच मीटरने शून्याच्या अगदी जवळचा आकडा दाखविला. सर्व फ्यूज परत लावल्यावर तो ०.०३ वर स्थिरावला.

कारण असे निघाले. २०१६ मध्ये या गाडीत गाण्याची नवी यंत्रणा बसविली होती. ॲम्प्लिफायरला ‘जागा हो, निजून जा’ हा निरोप देणारी एक बारीक तार असते. ती रेडिओच्या त्याच कामाच्या तारेस जोडावयाची असते, म्हणजे रेडिओ बंद झाला की तोही निजतो. येथे ती कायम विजेच्या तारेस जोडलेली होती. परिणामी तो ॲम्प्लिफायर सात-आठ वर्षांत एकदाही निजला नव्हता.

मग गळती २०१६ पासूनची, तर त्रास २०२३ पासून का? हा प्रश्न घरच्या सूनबाईंनी विचारला आणि तो मर्माचा होता. रात्रीच्या चौदा तासांत सुमारे सहा अँपिअर-तास वीज जाई, आणि दिल्लीच्या येण्याजाण्यात अल्टरनेटर ती भरून काढी. जमा चालू होती तोवर खर्चाची चौकशी कुणी केली नाही. प्रवास थांबला आणि जुनी गळती उघडी पडली. बॅटऱ्या बिचाऱ्या उगाच बदलल्या गेल्या. आणि वारंवार पूर्ण उतरल्याने शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर चढतात, त्यामुळे नव्या बॅटरीचेही आयुष्य घटते, ते निराळेच. दुरुस्तीस एक वीतभर वायर आणि अर्धा तास लागला. ती गाडी विकली गेली नाही.

इतर गाड्यांत गळतीचे मूळ निराळे असू शकते. नित्य आढळणारी ठिकाणे सांगून ठेवतो. डिकीतील आणि समोरच्या कप्प्यातील दिवा; कायम चालू असणाऱ्या सॉकेटात लावून ठेवलेला मोबाइलचा चार्जर; समोरचे दृश्य टिपणारा कॅमेरा; बाहेरून बसविलेला अलार्म किंवा गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र; आतून चिकटून बसलेला रिले; आणि पावसाच्या पाण्यातून गाडी काढल्यावर गंजलेली जोडणी. काही वेळा चोर बॅटरीच्या डोक्यावरच बसलेला असतो. आम्लाचा ओलावा आणि धूळ यांच्या थरातून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत वीज झिरपते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात फडके भिजवून तो थर पुसावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

दक्षतेच्या गोष्टीही ऐकून ठेवाव्यात. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. जवळ काडी ओढू नये. हातातील अंगठी, बांगडी आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे. टोके सोडविताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी. जेथे एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातील तारा दिसतील, तेथे हात घालू नये. ते काम जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे. परंतु त्याच्याकडे जाताना “बॅटरी बदलून द्या” असे न म्हणता “उभ्या गाडीचा प्रवाह किती ते मोजून सांगा” असे म्हणावे. मागणीत एवढा फरक पडला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

दोन-तीन आठवड्यांसाठी गावी जावयाचे असेल तर सर्वांत सोपा उपाय ऋण टोक सोडवून ठेवण्याचा. घड्याळ आणि रेडिओ परतल्यावर पुन्हा लावून घ्यावे लागतात. काही रेडिओ सांकेतिक क्रमांकही मागतात, तो आधी लिहून ठेवावा. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन “पाच मिनिटे सुरू करून ठेवा” असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिचा लाभ थोडा, कारण सेल्फने घेतलेली आणि त्या पाच मिनिटांत भरलेली वीज यांत फारशी शिल्लक उरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरविलेली बरी.

जुन्या गाड्यांच्या वयोमर्यादेविषयी न्यायालयांत बरेच मंथन झाले आहे. त्यात आज शिरत नाही. आमचे सांगणे एवढेच की, जिला रस्त्यावर चालण्याचा हक्क आहे, ती गाडी वीतभर वायरीच्या दोषापायी भंगाराच्या भावाने जाऊ नये, आणि ज्या घरात वृद्ध किंवा लहान मुले आहेत, त्या घराने अपरात्री तिच्यावर विसंबावे की नाही हे नशिबावर सोपवू नये. त्यासाठी एक मीटर, एक वही आणि एक रविवार पुरतो.

या व्याख्यानानिमित्त आम्ही एक मल्टिमीटर, चार्जर आणि दोन चिमट्यांची वायर मंडळाच्या कपाटात ठेवीत आहोत. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे नोंदवहीत सही करून कोणाही सभासदाने ती न्यावीत. वापरून झाल्यावर आपल्या गाडीचा आकडा मात्र त्याच वहीत लिहावा. पुढच्यास तो उपयोगी पडेल.